तीन सिलिंडर आणि अण्णांचा नारळ

तीन सिलिंडरांचं इंजिन उभ्या जागी थरथरतं. ते बिघडलेलं नसतं, त्याला थंडी भरलेली नसते, कुणाची नजरही लागलेली नसते. चार सिलिंडर असले की एकाचा झटका दुसरा सावरून घेतो. तिनांत तो हिशेब पुरता बसत नाही, म्हणून इंजिन जरासं हलत राहतं आणि त्याच्याबरोबर आरसा, गिअरचा दांडा आणि आत बसलेल्या माणसाचे गालही हलतात. हे मी आजवर किती गिऱ्हाइकांना सांगितलं असेल, देव जाणे. ती तीन सिलिंडरांची जुनी आठशे सीसीची गाडी आता रस्त्यावर फारशी दिसत नाही. पण वर्षातून एखादी कसालला माझ्या गॅरेजात येते, मालक खाली उतरतो आणि विचारतो, "बाई, मेस्त्री खंय आसत?" मी म्हणते, "हय काय, तुमच्या समोर." मग तो माझ्या खांद्यावरून मागे बघतो, तिथे कुणी पुरुष आहे का म्हणून. कधी असतो. तो माझ्याकडे पगारावर आहे. पूर्वी मला याचा राग यायचा. आता पन्नाशी उलटल्यावरही येतो, पण हात धुवायच्या आत उतरतो.

हे सगळं मी ज्या गाडीवर शिकले ती आमच्या बाबांची. बाबा आचऱ्याला हायस्कुलात मराठी शिकवायचे. घर देवळापासून इतकं जवळ की नगारा वाजला की ताकाच्या भांड्यावरचं झाकण किणकिणायचं, आणि समुद्रापासून इतकं लांब की गाज फक्त सगळे गप्प बसले की ऐकू यायची. आणि आमच्याकडे सगळे गप्प असे क्वचितच बसायचे. सकाळी आई उकड्या तांदळाची पेज वाढायची, सोबत निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, आणि पेज भुरकत बाबा शाळेतल्या वह्या तपासायचे. तिखट कानाचा माणूस. फळ्याकडे तोंड करून लिहीत असतानाही मागच्या बाकावर कोण बोललं ते नावानिशी सांगायचे. सायकलवर आयुष्य काढलेल्या या माणसाने एक दिवस कुडाळच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. का, ते त्यांनाही नीट सांगता आलं नाही. आईने गाडीला ओवाळलं, दारांच्या खालच्या कडांचा गंज बोटाने खरवडून पाहिला आणि म्हणाली, "मिठाच्या बरणीचा झाकण बरा ह्याच्यापरास."

गाडीच्या पुढच्या खणात डॉक्टरांनी एक पुस्तक ठेवलं होतं, दुरुस्तीचं, इंग्रजी, तेलाच्या डागांनी पिवळं पडलेलं. बाबांना ते पुस्तक वाचवेना आणि टाकवेना. शब्दकोश मांडीवर घेऊन ते समासात पेन्सिलीने अर्थ लिहू लागले. मेस्त्री काय बोलतो ते आपल्याला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अर्थ लिहायचे आणि मी पाठ करायचं, असं कधी सुरू झालं ते दोघांनाही कळलं नाही. सातशे शहाण्णव सीसी, तीन सिलिंडर, वर एक कॅमशाफ्ट, सहा व्हॉल्व्ह, एक कार्ब्युरेटर. ठिणगीचा क्रम एक, तीन, दोन. फीलर गेज या शब्दासमोर बाबांच्या वळणदार अक्षरात होतं, "फट मोजावयाच्या पात्या". डिस्ट्रिब्युटरसमोर होतं, "वाटप्या. प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने करंट देणारा. वर टोपी, दोन क्लिपा." मी बारावीला होते आणि परीक्षेसाठी पाठ करायच्या गोष्टी वेगळ्याच होत्या. पण एक-तीन-दोन हा क्रम मला आजही झोपेतून उठवून विचारा.

गाडीने वर्षभर बरं चालून मग तोंड फिरवलं. सकाळी चोक ओढल्याशिवाय ती हूं की चूं करायची नाही, उभी राहिली की बंद पडायची, आणि जरासा चढ लागला की उष्णतेचा काटा लालवर जायचा. बाबा प्रत्येक वेळी उतरून रेडिएटरचं झाकण फडक्याने उघडायचे आणि आमच्या विहिरीचं पाणी ओतायचे. आमची विहीर मचूळ. ते पाणी आम्ही पीत नसू, त्यात डाळ शिजत नसे, पण गाडीला चालेल असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं. शेवटी बाबांनी कसालच्या मेस्त्रीला गाडी दाखवली. त्याने बॉनेट उघडलं, झाकलं आणि निकाल दिला, "मास्तरानु, हेड गेला. इंजिन उतरवचा लागतला. नायतर माका द्या, भंगारात घालतंय." बाबा खाली मान घालून घरी आले. त्याच आठवड्यात शाळेच्या चिऱ्याच्या पायरीवरून पाय घसरला आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर चढलं. गाडी खळ्यात, म्हणजे आमच्या घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, आणि बाबा पडवीतल्या आरामखुर्चीत. दोघंही एकमेकांकडे बघत बसलेले.

त्याच दिवसांत घरात दोन फॉर्म येऊन पडले होते. एक डीएडचा, बाबांनी आणलेला. दुसरा आयटीआयच्या मोटर मेकॅनिकचा, मी मालवणहून स्वतः जाऊन आणलेला. देवाच्या कोनाड्यात दोन्ही एकावर एक ठेवलेले, आणि रोज सकाळी वरचा कुठला ते बदललेलं असायचं. बाबांचे थोरले भाऊ अण्णा शेजारच्याच घरात राहायचे. गावात त्यांना मान, देवाला गाऱ्हाणं घालायला लोक त्यांनाच बोलवायचे. त्यांनी दुसरा फॉर्म पाहिला आणि आईला म्हणाले, "चेडवाक हात काळे करूची हौस आसा, तर चूल कित्याक आसा घरात?" आईच्या आधी मी बोलले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मला त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

बाबांनी मात्र मला समोर बसवलं. "मंदा, मेस्त्री म्हणता हेड गेला. तू काय म्हणतंस?" मी सांगितलं की हेडची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाची, गॅस्केट गेली असती तर पाणी मिसळून तेल दुधासारखं पांढरं झालं असतं. ते काळंच आहे. रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं तर पाण्यात बुडबुडे आले असते. तेही येत नाहीत. हेडला काही झालेलं नाही. बाबांनी पुस्तकात ते पान काढलं, वाचलं, चष्मा पुसला आणि परत वाचलं. मग म्हणाले, "बरा. गाडी आपल्या पायान वेशीभायर गेली तर तुझ्या फॉर्मार सही. नाय गेली तर माझ्या फॉर्मार. मागसून रडाचा नाय." मी म्हटलं, रडणार कोण ते बघू.

वेशीबाहेर असं ते म्हणाले त्याला कारण होतं. त्या वर्षी आमच्या गावाची गावपळण होती. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो, त्याने खुशाल हसावं. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेतात आणि सबंध गाव तीन दिवस रिकामा करतात. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळे वेशीपलीकडे माळावर जाऊन राहतात, झावळ्यांच्या झोपड्या बांधून. चुली विझवायच्या, दारांना कुलपं घालायची, आणि देवळातला नगारा वाजला की गावात कुणी म्हणजे कुणी थांबायचं नाही. बाबांना प्लास्टरमुळे चालता येत नव्हतं. अण्णांनी आपली बैलगाडी देऊ केली होती, गवत घालून मऊ करून. बाबांनी सांगितलं की मी मोटारीने येईन. तेव्हा अण्णा ज्या प्रकारे हसले त्या हसण्याने मला पंधरा दिवस पुरेल इतका जोर दिला.

पंधरा दिवसच होते. रेडिएटर सोडवून खळ्यात आडवा केला आणि नळीने पाणी सोडलं तर एका बाजूने गेलेलं दुसऱ्या बाजूने थेंब थेंब बाहेर येत होतं. आमच्याच विहिरीने त्याच्या नळ्या बुजवल्या होत्या. काडीने टोकरलं तर पांढरी खपली निघाली. मी डोक्याला हात लावून बसले. आई भांडी घासता घासता बघत होती. "हंडे कशान निघतत?" तिने विचारलं. "चिंचेन." "मग ह्यो काय पितळेचो नाय?" पितळेचाच होता. दोन दिवस आम्ही रेडिएटरला चिंचेचं पाणी पाजलं, वरच्या आळीतल्या गोड्या विहिरीच्या पाण्याने पंधरा वेळा धुतला, आणि आत गेलेलं पाणी तसंच धो धो बाहेर आलं. ही युक्ती कुठल्याच पुस्तकात नाही आणि ज्यांच्या पुस्तकात ती नाही त्यांना मी गुरू मानत नाही. पुढच्या पंख्याची वायर गंजून तुटली होती, ती जोडली. कार्ब्युरेटर खोलून त्यातली बारीक छिद्रं तोंडाने फुंकून साफ केली. पेट्रोलची ती चव दोन दिवस बांगड्यालाही येत होती. डिस्ट्रिब्युटरातले पॉइंट, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या दोन टिकल्या, घासले, त्यांतली फट पात्यांनी मोजून लावली. बाबा पडवीतून काही बोलायचे नाहीत. डोळे मिटून ऐकत असायचे. कधी पान्हा निसटला तर फक्त म्हणायचे, "दहाचो नाय तो, बाराचो घे."

गावपळणीच्या सकाळी इंजिन पहिल्या किल्लीला लागलं. थरथरत, पण एकसारखं. अर्धा तास उभं ठेवलं, काटा मधे येऊन थांबला, पंखा आपसूक फिरला. मी बॉनेट उघडून उभी होते आणि मला नाचावंसं वाटत होतं. नाचायच्या ऐवजी मी इंजिन बंद केलं आणि शेवटचं एकदा पॉइंट बघावे म्हणून डिस्ट्रिब्युटरची टोपी काढली. तेवढ्यात आईने हाक मारली. काळी कोंबडी डालीतून सुटली होती. एक कोंबडी मागे राहिली तरी चालणार नव्हतं. मी टोपी बसवली, क्लिप लावली आणि कोंबडीमागे माडाच्या बागेत धावले. ती सापडली तेव्हा बाबा मागच्या सीटवर आडवे बसले होते, प्लास्टरचा पाय लांब करून, मांडीवर पुस्तक, शेजारी कोंबड्यांची डाल. आणि अण्णा गाडीपुढे नारळ घेऊन उभे होते.

"इंजिन चालू करतंय," मी म्हटलं. "थांब गो," अण्णा म्हणाले, "तेच्या घरघरीत म्हाराजाक माझा काय ऐकाक येतला?" त्यांनी हात जोडले. आवाज असा की चार घरांपलीकडची माणसं थांबली. "बा देवा म्हाराजा! आज तुझी ही लेकरां गाव सोडून वेशीभायर जातत. ह्या गाडयेच्या वाटेत काय आडकाठी आसात, कोणाची वाकडी नजर आसात, तर ती दूर कर, म्हाराजा!" सगळे म्हणाले, "होय म्हाराजा!" मीही म्हणाले. आणि अण्णांनी पुढे होऊन, इंजिनाच्या अगदी डोक्यावर वाकून, बॉनेटखालच्या लोखंडी पट्टीवर नारळ फोडला. पाणी खच्चून भरलेला नारळ होता. सगळं पाणी इंजिनावर गेलं. लोक समाधानाने पांगले.

किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन लागेना. परत फिरवली. चोक ओढला, ऍक्सिलरेटर दोनचारदा दाबला, जे करू नये ते सगळं केलं, आणि पेट्रोलचा भपकारा आला. आणि तेवढ्यात देवळातला नगारा वाजला.

एका क्षणात आळी हलली. गुरांच्या घंटा, पोरांची रडारड, कुणाच्या डोक्यावर तांदळाची पिशवी, कुणाच्या कडेवर मांजर. अण्णांनी बैलगाडी खळ्यात आणली. "मास्तराक उतरवा. गाडी ऱ्हवांदे हयच, ती काय जीव नाय." माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही, आणि ते न बघणंच जास्त लागलं. दोघं जण दार उघडायला आले. बाबांनी आतून दार ओढून घेतलं. शाळेत वर्ग गप्प करायचा असला की ते वापरायचे त्या आवाजात, त्या छापील मराठीत ते म्हणाले, "अण्णा, तुम्ही पुढे व्हा. मी या गाडीतून येणार आहे."

"अरे, नगारो वाजलो! देवाची आज्ञा मोडतंस?"

"देवाने गाव सोडायला सांगितलं आहे. मुलीला सोडायला सांगितलेलं नाही."

अण्णांच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. त्यांनी आईला बैलगाडीत चढायला सांगितलं. आई घराच्या पायरीवर बसली, पदर खोचलेला, हातात कुलूप. "चावी माझ्याकडे आसा," ती म्हणाली. "चावी घेवन मी येकटी खंय जाव?" अण्णांनी बैलांना चाबूक मारला. बैलांचा काही दोष नव्हता.

मग गाव रिकामा झाला. मी त्यानंतर पुष्कळ गावपळणी पाहिल्या, पण नगारा वाजून गेल्यावर आतून गाव पाहिलेली आम्ही तिघंच असू. कुत्रं नाही, कोंबडा नाही, विहिरीवर रहाट नाही. गाज इतकी स्पष्ट की समुद्र मागच्या परसात आल्यासारखा वाटला. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. देवाची वाटली, अण्णांची वाटली, आणि सर्वांत जास्त डीएडच्या फॉर्मची वाटली.

मागून बाबांचा आवाज आला. हजेरी घेतात तसा. "स्टार्टर फिरतो, इंजिन लागत नाही. कारणे. एक, टाकीत पेट्रोल नाही."

"आसा."

"दोन, कार्ब्युरेटरात पेट्रोल येत नाही."

"येता. जास्तच इला. प्लग ओले झाले असतले."

"मग वाट बघ, तसं लिहिलं आहे. तीन, प्लगला करंट नाही."

मी एक प्लग काढला, वायरला लावून इंजिनाला टेकवला, आईला किल्ली फिरवायला सांगितली. आयुष्यात तिने गाडीची किल्ली फिरवली नव्हती. फिरवली ती अशी की कोंबड्या ओरडल्या. ठिणगी नाही. बाबा वाचत गेले, मी उत्तरं देत गेले. चार, बॅटरी. पाच, कॉइलची वायर. सहा, प्लगच्या वायरी. "सात," बाबा म्हणाले, "डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल."

मी टोपीला हात घातला आणि माझं पाणी पाणी झालं. क्लिप एकच उघडावी लागली. दुसरी मी लावलीच नव्हती, कोंबडीच्या नादात. टोपी एका अंगाला उचललेली राहिली होती आणि आत नारळाचं पाणी होतं, गोड, चिकट, पॉइंटवर थेंब धरून बसलेलं. क्लिप लावलेली असती तर अण्णांनी दहा नारळ फोडले असते तरी बिघडलं नसतं. हे मी तेव्हा बोलले नाही. "नारळाचा पाणी!" एवढंच मी ओरडले, आणि सगळं खापर अण्णांवर फोडलं.

चूल विझलेली, काडी ओढायची नाही, ऊब आणायची कुठून? आईने पदर सोडला आणि माझ्या हातातून टोपी घेतली. बोटाला पदराचं टोक गुंडाळून तिने तिच्या आतला कोपरा न् कोपरा पुसला, बाळाचा कान पुसावा तसा. मी पेट्रोलच्या थेंबाने चिकटपणा धुतला, पॉइंट पुसले, तिन्ही प्लग काढून उन्हाने तापलेल्या चिऱ्यावर मांडले. वाट बघितली. तेव्हा जेवढी वाट बघितली तेवढी मी आयटीआयच्या निकालाचीही बघितली नाही. प्लग बसवले, टोपी बसवली, क्लिपा लावल्या, बॉनेट आपटलं, चालकाच्या जागेवर बसले आणि किल्ली फिरवली.

सबंध आचऱ्यात त्या वेळी एकच आवाज होता आणि तो माझा होता.

वेशीबाहेर माळावर चुली पेटल्या होत्या, वड्यांचा वास सुटला होता. आमची थरथरती गाडी झावळ्यांच्या रांगेतून आली तशी बायका कढईत झारा तसाच धरून बघत राहिल्या. अण्णा पुढे आले. "बघलास? गाऱ्हाण्यान काम केला!" मी काच खाली केली. "गाऱ्हाण्यान नाय अण्णा. आवशीच्या पदरान केला." आईने ओला, काळा झालेला पदर खांद्यावर टाकला आणि ती गाडीतून राणीसारखी उतरली. देवाचा अपमान झाला, पुन्हा गाऱ्हाणं घाला, अशी कुजबुज तीन दिवस चालली. दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलंही. नारळ मात्र मी गाडीपासून दहा पावलं लांब फोडायला लावला.

बाबांनी फॉर्म तिथेच मागितला. कुठला ते मी विचारलं नाही, माझाच दिला. इंजिन बंद करायची माझी छाती होत नव्हती, त्यामुळे मांडीवरच्या पुस्तकावर फॉर्म ठेवून त्यांनी चालू गाडीतच सही केली आणि सही हलली. आयटीआयच्या खिडकीतल्या कारकुनाने ती निरखून विचारलं, "वडील फार आजारी आहेत का?" मी म्हटलं, "नाही. तीन सिलिंडर आहेत."

बाबा गेले त्यानंतर ते पुस्तक माझ्याकडे आलं. गाडी कधीच गेली होती. मी ते पान काढलं, स्टार्टर फिरतो पण इंजिन लागत नाही, ते. सातव्या कारणासमोर पेन्सिलीने, मास्तरांच्या सवयीने, उदाहरण दिलेलं होतं: "उदा. नारळाचे पाणी." त्याच्या खाली, अक्षर आणखी बारीक करून, लिहिलं होतं: "टोपी काढताना क्लिप एकदाच वाजली. लावताना दोनदा वाजली. म्हणून सही केली."